टाउपोवर ट्राउटचा चमचा, आठ महिन्यांनी: आधी फिरकी बदला

हा चमचा, म्हणजे ट्राउट मासा गरवायचं चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, मी न्यूझीलंडच्या टाउपो तळ्यासाठी नोव्हेंबरात घेतला. १० ग्रॅमचा, चंदेरी, पाठीवर हिरवा पट्टा. जानेवारीत लिहायला बसलो असतो तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आता जून संपत आलाय, मत बदललंय, पण राग गेलेला नाही. तो राग चमच्यावर नाही, पाकिटात सोबत येणाऱ्या फिरकीवर आहे, म्हणजे तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) पीळ बसू नये म्हणून बांधायच्या फिरत्या कडीवर.

आम्ही हॅमिल्टनहून जातो, मित्राची होडी. दुसऱ्याच फेरीत तळ्याकाठच्या किनलॉक गावासमोर तासभर होडीमागे चमचा ओढला आणि गुंडाळायला घेतलं, तर तंगुसाला असा पीळ बसलेला की सैल सोडताच वेटोळी पडायला लागली. ८० मीटर तंगूस कापून टाकला. वर पेट्रोलचा वाटा, टाउपोचा वेगळा परवाना, आणि रात्री घरी डाळभात. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे येताना दुकानातून आणला असंही होत नाही. खायचा तर गरवूनच.

दुकानात गेलो. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. म्हटलं, चमचा राहू द्या, फिरकी तेवढी बदलून द्या. तेही नाही. ती फिरकी चिमटीत धरून फिरवली तर छान फिरते, जरा ताण दिला की घट्ट बसते. अहो, होडीमागे ताण असतोच! नेमकी कामाच्या वेळी ती फिरत नाही. शेवटी पदरचे पैसे घालून बॉल बेअरिंगची घेतली, चमच्याच्या हातभर पुढे बांधली, आणि पीळ जवळजवळ थांबला.

जवळजवळ म्हणतोय, कारण उरलेला दोष आमच्या वेगाचा होता. चमचा डावी-उजवीकडे डोलायला हवा. पूर्ण गिरकी घ्यायला लागला की होडी फार जोरात आहे. ट्राउटला खाद्य म्हणून १९३० च्या दशकात ह्या तळ्यात स्मेल्ट हे छोटे चंदेरी मासे सोडले, चमचा त्यांचंच सोंग घेतो. डोलला तर स्मेल्ट, गरगरला तर नुसता पत्रा. आता सोडण्याआधी होडीच्या कडेने ओढून बघतो. ह्याला ताशी तीन किलोमीटरच्या आसपास मानवतं. वारा पाठीमागून असला की इंजिन मंद करूनही होडी पळते, मग मागे दोरीला बादली बांधून सोडतो.

आणि सरळ रेघेत जाऊ नका. वळताना बाहेरच्या रॉडचा चमचा पळतो नि वर येतो, आतला मंदावून खाली बसतो. आतल्यालाच मासा लागत राहिला तर होडी आणखी हळू करा. आम्हाला हे मार्चमध्ये कळलं.

फेब्रुवारीत वरचं पाणी तापलेलं, तंगुसावर काहीच नाही. खोल जाणाऱ्या शिशाच्या दोरीचे पाच रंग (दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो) सोडले, तर ह्याच चमच्याला एका सकाळी दोन. आजवर अकरा झाले. रंग खरवडला गेलाय, चाल तीच आहे. नारिंगी मांस, आगळ, हळद, मीठ, रवा लावून तव्यावर. घरचे म्हणाले, रावसाच्या जवळ जातो.

मे महिन्यात असाच दुसरा घेतला. पाकिटात फिरकी तीच. तिथेच काढली आणि काउंटरवर ठेवून आलो.