बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग झालं असं समजू नका

गिझर बसवताना अर्थिंगचे (गळणारा करंट जमिनीत नेणाऱ्या जोडणीचे) वेगळे पैसे घ्यायचे आणि अर्थिंग न करताच निघून जायचं, असा प्रकार आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी झाला. ही फसवणूक डोळ्यांदेखत होते आणि तरी कळत नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

घर आजोबांच्या काळातलं. अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. आईला धूर सोसेना, तेव्हा लक्ष्मीपुरीतून 15 लिटरचा, 2000 वॉटचा गिझर आणला. आयएसआय चिन्ह बघून घेतलं होतं, यंत्रात काहीच खोट नव्हती. बसवायला दुकानानेच "आपला माणूस आहे" म्हणून मिस्त्री पाठवला. त्याने सॉकेट तपासलं आणि बाबांना सांगितलं, "काका, तुमच्या घरात अर्थिंगच नाही. असाच गिझर लावला तर काकूंच्या जिवाशी खेळ होईल." त्याचं हे बोलणं खरं होतं. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, नाहीतर कधीच गंजून गेलेलं असतं. खऱ्या भीतीचाच त्याने फायदा घेतला, याचा राग जास्त आहे.

परसात खड्डा झाला, कोळसा-मीठ आलं, पाइप दिसला, वर सिमेंटचं झाकण बसलं, हिरवी वायर भिंतीवरून बोर्डापर्यंत आली. मग त्याने टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला (करंट आणणाऱ्या तारेला) आणि दुसरं अर्थच्या भोकात लावलं. बल्ब लख्ख पेटला. "बघा की काका, झालं अर्थिंग. आता बिनघोर अंघोळ करा." 6,500 रुपये घेतले, हातात कच्ची चिठ्ठी दिली. बाबांनी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायचं विचारलं होतं. त्यावर म्हणाला, "जुन्या वायरिंगला ते चालत नाही, सारखं पडतंय, नुसता ताप." तो नको का म्हणत होता, हे पुढे कळलं.

थोड्याच दिवसांत आईला नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. त्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "नव्या गिझरला थोडं असतंय. ओल्या हातानं नळ धरू नका." अंघोळ करणाऱ्या माणसाला हा सल्ला! त्याच दिवशी गिझरचा प्लग काढला आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांची कामं करणाऱ्या एका परवानाधारक वायरमनला बोलावलं.

त्याने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. गिझरच्या सॉकेटमागे वायरचा बोटभर तुकडा होता. न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या तारेच्या) टर्मिनलमधून निघून तो थेट अर्थच्या टर्मिनलला जोडलेला. बल्ब पेटला होता तो या तुकड्यामुळे. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब धरला तर तो पेटणारच. परसातलं झाकण उचललं तर खाली जेमतेम हातभर पाइप. हिरवी वायर त्याला जोडलेलीसुद्धा नव्हती, नुसती मातीत खुपसलेली. पाइप अर्थिंगचा पाइप साधारण अडीच मीटर खोल जातो आणि वायर त्याला नट-बोल्टने आवळलेली असते.

हा तुकडा किती घातक आहे ते नीट समजून घ्या. त्याच्यामुळे गिझरची धातूची टाकी न्यूट्रलला जोडली जाते. न्यूट्रल मीटरजवळ किंवा खांबावर तुटली, तर चालू असलेल्या उपकरणातून आलेला करंट परतीची वाट नसल्याने त्या तुकड्यातून टाकीवर, तिथून नळावर आणि पाण्यात येतो. एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण त्याच्या लेखी शॉर्ट झालेलंच नसतं. "आम्ही अंघोळीआधी गिझर बंद करतो" म्हणणाऱ्यांनीही ऐका. गिझर बंद असला तरी घरातला फ्रिज चालू असतो. फ्रिजमधून न्यूट्रलवर आलेला करंट त्याच तुकड्याने गिझरच्या अंगावर येईल, कारण स्विच अर्थची वायर तोडत नाही. आमच्याकडे मीटरजवळच्या जॉइंटमध्ये न्यूट्रल सैल झालेली निघाली. आईच्या झिणझिण्या त्याच्याच. तो जॉइंट पुरता सुटला असता तर काय झालं असतं, हे लिहवत नाही.

आणि आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट यांत 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की घरगुती आरसीसीबी पुरवठा तोडतो. न्यूट्रल-अर्थ अशी जोडलेली असेल तर परतीचा काही करंट दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो, मग आरसीसीबी पडतो आणि चोरी उघडी पडते. म्हणून जो मिस्त्री आरसीसीबीला नको म्हणतो, त्याच्या हातून गिझर बसवू नका.

वायरमनला गिझरखाली आणखी एक गोष्ट सापडली. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला डमी (बूच) ठोकलेली होती. पाणी तापलं की फुगतं आणि व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. ते गळायलाच हवं, त्याला नळी लावून खाली सोडायचं असतं. तोंड बंद केलं आणि थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) अडकला, तर टाकी फुटू शकते.

आता खरं अर्थिंग झालंय, गिझरला 16 अँपिअरचं सॉकेट आणि 2.5 चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर आहे, मेनला आरसीसीबी आहे. त्याचं टी लिहिलेलं बटण बाबा दर महिन्याला दाबून बघतात. पण त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते अर्थ टेस्टरनेच मोजून घ्यावं लागतं.

पहिल्या मिस्त्रीने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. "बल्ब तुमच्यासमोर पेटला होता," एवढंच म्हणत राहिला. तो तुकडा, उघडा बोर्ड, झाकणाखालचा पाइप यांचे फोटो आणि पैसे पाठवल्याची मोबाइलवरची नोंद आम्ही जपून ठेवली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुमच्याकडे कुणी बल्ब पेटवून अर्थिंग दाखवलं असेल, तर चांगल्या वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर (तारा जोडलेल्या असल्या की वाजणारं तपासणीचं यंत्र) लावायला सांगा. मल्टिमीटर वाजला तर ते दोन्ही कुठेतरी जोडलेले आहेत. त्याचा शोध लागेपर्यंत गिझरचा प्लग काढून ठेवा आणि पाणी गॅसवर तापवा.