हार्डनरचा न फुटलेला डबा

वडिलांनी निवृत्तीनंतर पटाशीने कोरलेल्या सागवानी देव्हाऱ्याला आणि त्याच्या दोन कमानींना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून देतो, असे सांगून एका पॉलिश मिस्त्रीने माझ्याकडून २४,५०० रुपये घेतले आणि लाकडावर साधे फ्रेंच पॉलिश फासले. हे लिहिताना लाज वाटते, पण तो इसम आमच्या भागात अजून कामे घेत आहे.

मी अगदीच अडाणी नव्हतो. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती पाण्याने पांढरी पडते, उष्णतेने मऊ होते, म्हणून दिव्याच्या जागी ती नको, हे मला ठाऊक होते. त्यासाठीच तर मालाचे ११,२०० रुपये आगाऊ दिले, आणि त्याने बेस व हार्डनर असे दोन सीलबंद डबे माझ्यासमोर आणून ठेवले. सामान्य माणसाने याहून अधिक काय पाहायचे?

दुसऱ्या दिवशी केर काढताना खिडकीखालचा हार्डनरचा डबा मी स्वतः उचलून बाजूला ठेवला. तो जड होता, झाकणाचे सील जसेच्या तसे होते, आणि देव्हाऱ्यावर मात्र दोन हात मारून झाले होते. हार्डनर मिसळल्याशिवाय हा पीयू धरत नाही आणि मिसळला की काही तासांतच संपवावा लागतो, हे जाणणाऱ्या माझ्याच हातात तो डबा होता! खोलीभर स्पिरिटचा वास होता. आदल्या दिवशीच्याच बाटलीतले पिवळसर पॉलिश कापसाच्या बोळ्याने कमानीवर कोरलेल्या मोराच्या पिसांत चोळणे चालू होते. विचारले, तर ‘साहेब, हा सीलर आहे, पीयू शेवटी येतो’ असे उत्तर मिळाले, आणि त्याच संध्याकाळी मी ८,००० रुपये दिले. उरलेले ५,३०० तिसऱ्या दिवशी. डबे तोच घेऊन गेला. (डबे आपल्यासमोर फोडून घ्यावेत आणि रिकामे झाले तरी घरातच ठेवावेत.)

आठ दिवसांनी निरांजन उचलले, तर त्याच्या बुडाला पॉलिशचा पापुद्रा चिकटून आला. तांब्याखाली पांढरे वर्तुळ उमटले होते. स्पिरिटचा कापूस मागच्या फळीवर दाबून धरला, तर तो चिकट, पिवळा झाला, म्हणजे वर लाखच होती. दोन मिनिटांची ही परीक्षा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी करावी.

पोलीस चौकीत दोन तास बसवून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगण्यात आले. एका साहेबांनी तर देव्हाऱ्याला एवढे पैसे कशाला घातले, असे मलाच विचारले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे वकिलाने सांगितले, चौकीने नव्हे. पण नोटीस कोणत्या पत्त्यावर धाडायची? माझ्याकडे मोबाइल क्रमांक आणि कोऱ्या कागदावरची पावती एवढेच आहे. पत्ता आणि ‘बेस व हार्डनरचा पीयू’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या.

लाख काढण्याचे ६,५०० रुपये दुसऱ्या मिस्त्रीला दिले. लाख स्पिरिटने निघाली. पहिल्याने सुरुवातीला मारलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपराने पिसांच्या ज्या बारीक रेघा बुजल्या, त्या बुजलेल्याच आहेत.