चार्जिंगची टॉर्च: दिवा चांगला, सोबतचा सेल थापाड्या

दुकानदाराशी वाजलं म्हणून हे लिहायला बसलो. टॉर्च तीच, जी आता आठवडी बाजारात जिथे-तिथे टांगलेली असते. ॲल्युमिनियमची नळी, तोंड पुढे ओढलं की झोत लांब जातो, आत १८६५० आकाराचा एक लिथियम सेल. साडेचारशे रुपये. हरभऱ्याच्या ओलितासाठी घेतली, कारण शेतीची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री, आणि रात्रीची आली की स्टार्टर दाबण्यापासून स्प्रिंकलरचे पाइप बदलण्यापर्यंत सगळं अंधारात.

झोताबद्दल तक्रार नाही. धुऱ्यापलीकडे उभ्या रोह्याचे (नीलगायीचे) डोळे इथून चमकतात. तक्रार आहे विझण्याबद्दल. जुनी दोन सेलची बॅटरी पिवळी पडत पडत जायची, घर गाठायला वेळ द्यायची. लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ ३.६-३.७ च्या आसपास टिकतो आणि शेवटी झपकन कोसळतो. खांद्यावर पाइप, पायाखाली चिखल आणि अंधार गुडुप. तो त्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं, पण उन्हाळा लागेपर्यंत ही वेळ तासाभरातच यायला लागली.

आणि सेलवर छापलंय काय? ९९०० एमएएच! एमएएच म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप. आणि १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एवढ्याशा नळकांड्यात चांगल्यातली चांगली कंपनीही साधारण ३५०० च्या आसपास थांबते. मग हे ९९०० कुठून आले? सेल कमी चालला याचा राग एकवेळ गिळला असता, पण त्या आकड्याचा राग जात नाही. सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहिला. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, हा ३१ भरला. सोनार म्हणाला, "भाऊ, याच्यात खोट दिसते."

दुकानदाराचं उत्तर पाठ असल्यासारखं आलं. "सेलची ग्यारंटी नाही राहत भाऊ. तुम्ही रातभर लावून ठेवली असन." अरे, ४.२ व्होल्ट झाले की चार्जिंग तोडणं हे चार्जरचं काम, उठून पिन काढायला मी काय राखण बसू? वरून म्हणे, मोटरसायकलच्या बॅटरीनं झटका देऊन उठवतो. हे कोणालाच करू देऊ नका. अडीच व्होल्टच्याही खूप खाली जाऊन बरेच दिवस पडलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल घरात पेटला तर ग्यारंटी कोणाला मागायची?

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवट होता "टॉर्च घेऊ नका". तो आता खोडला. पोळ्याला भाचा आला तेव्हा नागपुरातून, सीताबर्डीतून, नावाजलेल्या कंपनीचा सेल घेऊन आला. साडेतीनशे रुपये, आणि अंगावर सरळ २६०० लिहिलेले. पाकिटावर आयएस १६०४६ चा, म्हणजे सेलच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकाचा शिक्का आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. आकडा ९९०० वरून २६०० वर आला आणि उजेड दुपटीहून जास्त वेळ पुरायला लागला! म्हणजे टॉर्च बिचारी निर्दोष. एक अडचण मात्र आहे. शेपटीला संरक्षण सर्किट, म्हणजे फार उतरला की आपोआप तोडणारी चकती, लावलेला सेल काही मिलिमीटर लांब असतो, तो हिच्यात घातला तर झाकणाचे आटे बसत नाहीत. साधाच घालावा लागतो, म्हणून उजेड जरा उतरला की बंद करायची, पार पिळून काढायची नाही. चार्जरही वेगळा घेतला. मोटर वाइंडिंगवाल्याच्या मीटरवर पाहिलं, ४.१९ ला थांबतो.

ठेवायचं कसं, यात आमच्याकडे फवारणी पंपानं घोळ घातलाय. पंपातली १२ व्होल्टची बॅटरी बहुतेक शिशाची असते. ती उतरलेली ठेवली की सल्फेट धरून मरते, म्हणून हंगाम संपला की फुल करून ठेवायची. सगळे तोच नियम लिथियमला लावतात, आणि तिथे तो बरोब्बर उलटा पडतो. लिथियम फुल चार्ज आणि वर गरम, याच्याइतकं वाईट काही नाही. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर निम्म्यावर, म्हणजे ३.७-३.८ व्होल्टवर ठेवा. पंप लिथियमचा आहे की शिशाचा, हे आधी बघून घ्या.

मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ अंश, टिनाखाली त्याहून वर. लिथियम चार्ज करायची वरची हद्दच साधारण ४५ मानतात. मी पहाटे लावतो, तेही मातीच्या भिंतीच्या खोलीत, फरशीवर, गादीवर नाही. सुटा सेल झाकणाच्या प्लास्टिक डबीत. आपल्या पिशवीत पाना, फ्यूजची तार, किल्ल्या सगळं एकत्र असतं. सेलची दोन्ही टोकं त्यात जोडली गेली की पिशवी पेटायला वेळ लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारेही भेटतात. बाहेर काढल्यावर ओल धरते, मी नाही ठेवत.

जुना ३१ ग्रॅमवाला दुकानदारानं परतही घेतला नाही. उकिरड्यावर टाकायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ठेवलाय, नागपूरला ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायला. टॉर्चला चार तारे. सोबतच्या सेलला तारा नाही, आणि ९९०० छापणाऱ्याला त्याच सेलवर रात्रभर हरभरा ओलवायला पाठवावं.