दोन यंत्रणांचा रोव्हर की चारचा?

रोव्हर म्हणजे जमीन मोजायला दांड्यावर लावून फिरवायचा उपग्रह-रिसीव्हर. अमेरिकेची जीपीएस आणि रशियाची ग्लोनास या दोनच उपग्रह-यंत्रणा धरणारा वापरलेला रोव्हर स्वस्तात मिळतोय. शेजारी नवा कोरा, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडूही धरणारा. विक्रेता स्क्रीनवर ३० च्या वर उपग्रह दाखवतो आणि आपण भुलतो. उपग्रह किती यापेक्षा ते आकाशात कसे विखुरलेत हे आधी बघा. तो हिशेब पीडॉप या आकड्यात कळतो: विखुरणी जितकी चांगली, तितका तो लहान. दोनच्या आत असला तर छान, सहाच्या वर गेला की मी खुंटी ठोकत नाही.

उघड्या माळावर गटाची हद्द मोजायची असेल तर जुनाच घ्या. क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह सोडले तरी दोन यंत्रणांचे पुरेसे उरतात आणि चारही बाजूंना असतात. चार यंत्रणांनी पीडॉप आणखी उतरेल, पण बांधाच्या दगडाला त्याचं सोयरसुतक नसतं.

माडा-पोफळीच्या वाडीत मात्र नव्याचे पैसे वसूल होतात. झावळ्यांच्या फटीतून एखादा उपग्रह येतो, जातो. दोनच यंत्रणा असल्या की फिक्स (सेंटिमीटरचं पक्कं उत्तर) सुटून फ्लोट (कच्चं उत्तर) दिसायला लागतं आणि दांडा धरलेल्या पोऱ्याचा हात भरून येतो. एक लक्षात ठेवा: प्रत्येक यंत्रणेचं घड्याळ वेगळं. बायडूचा एकटाच उपग्रह दिसला तर तो घड्याळांतला फरक काढण्यातच खर्ची पडतो. दुसरा आला की खरा फायदा.

शहरातल्या गल्लीचं गणित अवघड. गल्ली पूर्व-पश्चिम आणि दोन्ही अंगांना पाच मजले असतील, तर चारही यंत्रणांचे उपग्रह त्याच पट्टीत दिसतात. संख्या वाढते, पण गल्लीच्या आडव्या दिशेची पकड ढिलीच राहते. आणि आपल्याला मोजायची असते ती नेमकी रुंदी! त्यात भिंतींवरून परतलेले सिग्नल. तिथे सरळ टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारी दुर्बीण) लावा.

उत्तरेकडचं आकाशही फसवं. जीपीएसच्या कक्षांचा विषुववृत्ताशी कल ५५ अंश, त्यामुळे पुण्यातून बघताना ऐन उत्तरेला क्षितिजापासून साधारण ४३ अंशांखाली त्याचा उपग्रह कधी येतच नाही. बायडू आणि गॅलिलिओचा कलही जवळपास तेवढाच, म्हणून तेही हे भोक बुजवत नाहीत. ग्लोनासचा कल ६४.८ अंश, त्याचे उपग्रह ३१ अंशांपर्यंत उतरतात. म्हणजे दक्षिणेला उंच इमारत आणि उत्तर मोकळी असेल, तर उपयोगी पडतो तो जुन्या जोडीतला ग्लोनास.

नाविक या भारताच्या यंत्रणेच्या नावावर जादा पैसे मोजू नका. त्याचे भूस्थिर उपग्रह आपल्याला दक्षिणेच्या बाजूला, एकाच जागी दिसतात ही जमेची बाजू. पण अणुघड्याळं बिघडल्याने ताफा रोडावला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला तिचा एनव्हीएस-०२ उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही.

नव्याकडे कल झुकला असेल तरी पैसे देण्याआधी आपला बेस (माहीत असलेल्या जागी उभा ठेवलेला दुसरा रिसीव्हर) किंवा कॉर्स सेवा (कायमच्या बेसचं जाळं) रोव्हरला काय पाठवते ते विचारा. आरटीकेत, म्हणजे बेसच्या संदेशांवरून रोव्हरची जागा तिथल्या तिथे पक्की करताना, बेस आणि रोव्हर दोघांना दिसणारेच उपग्रह कामी येतात. बेसकडून फक्त १००४ आणि १०१२ या क्रमांकांचे जुने संदेश येत असतील, तर त्यात जीपीएस-ग्लोनासच असतं. चार यंत्रणांसाठी एमएसएम हे नव्या प्रकारचे संदेश लागतात. बेस जुनाच ठेवायचा असेल तर रोव्हरही जुना चालेल.