‘जैविक’ बाटलीतलं रसायन: मुरबाडच्या आंबा बागेतली फसवणूक

मोहर फुटला की तुडतुडे येतात, आणि त्यांच्या मागोमाग ‘शंभर टक्के जैविक’ औषधवाले. मुरबाड तालुक्यातल्या एका प्रमाणित सेंद्रिय आंबा बागेत विक्रेत्याने एका कलमावर फुकट फवारून दाखवलं. तासाभरात खाली अंथरलेल्या कापडावर तुडतुड्यांचा सडा! तिथेच सौदा ठरला. फळं भरेपर्यंत तेच औषध मारत राहिले. ठाण्यातल्या सोसायट्यांसाठी पेट्या भरण्याआधी फळांवर औषधाचा अंश उरलाय का याची तपासणी केली, तर सायपरमेथ्रिन हे रासायनिक कीटकनाशक निघालं. प्रमाणपत्र गेलं. फळबाग सेंद्रिय ठरण्याआधीचा रूपांतरणाचा काळ 3 वर्षांचा, तो आता पुन्हा पहिल्यापासून.

फसवणूक त्या प्रात्यक्षिकातच उघडी पडली होती. बाटलीवर निंबोळी अर्क लिहिलेलं होतं. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन कीड जागच्या जागी पाडत नाही. तिचं खाणं तोडतं, पिल्लांना कात टाकू देत नाही. फरक दिसायला काही दिवस जातात. तासाभरात उलटी पडून पाय झाडणारी कीड म्हणजे आत पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिन ज्या गटातलं, ती झटपट मारणारी रसायनं) मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. त्याच कापडावर मधमाश्या आणि ढालकिडेही मेलेले होते. ढालकिडे पिठ्या ढेकूण खातात. ते संपल्यावर बागेत पिठ्या ढेकूण वाढला, तोही याच औषधाचा प्रताप.

बाटलीवर अझाडिरॅक्टिनचं पीपीएम (दशलक्ष भागांत किती) प्रमाण नव्हतं, नोंदणी क्रमांक नव्हता, बॅच नव्हती. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली निंबोळीयुक्त कीटकनाशकालाही नोंदणी लागते. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘हे टॉनिक आहे, नोंदणी लागत नाही.’ मग टॉनिकने तुडतुडे कसे मेले, हे तिथल्या तिथे विचारा. बिलही साध्या चिठ्ठीवर होतं, त्यामुळे तक्रार लंगडी पडली.

खात्रीचं हवं तर 5 टक्के निंबोळी अर्क घरीच होतो. 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने दोनदा गाळा, 200 ग्रॅम साबण विरघळवून मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. नीट गाळलं नाही तर नोझल तुंबतं. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. अर्क त्याच दिवशी संपवा.

विकतच घ्यायचं असेल तर बॅच क्रमांकासह पक्कं बिल घ्या आणि त्याच बॅचची एक सीलबंद बाटली बाजूला ठेवा. शंका आली तर फवारणीआधी ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा आणि अहवाल, बिल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.