फोंड्यातलं गॅरेज, ब्रेक पेडल शेवटी वर आलं
आमच्या जुन्या व्हॅनचं ब्रेक पेडल पार खाली जायचं, दोनदा पंप केलं की मग कुठे धरायचं, चोर्ला घाट उतरताना तर जीव मुठीत. आधीच्या एका गॅरेजवाल्याने ब्रेकच्या पाइपातली एअर काढून, ब्रेक ऑइल बदलून पैसे घेतले, फरक शून्य. फोंड्याच्या या मेस्त्रीने मात्र मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडले, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) चांगले होते पण ड्रमपासून लांब गेलेले, मग हँडब्रेक सोडून लायनर जवळ-लांब करणाऱ्या अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवत लायनर ड्रमला किंचित घासेपर्यंत आणले नि थोडे मागे घेतले, दोन्ही बाजूंना सारखंच. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी जुळवली, हे मला आवडलं. आता पेडल वरच धरतं. बसायला जागा नाही हां, पावसात भिजतच उभं राहायचं, पण काम समोर दाखवून करतो.