हलक्या जमिनीवरची कपाशी: संकरित बीटी की दाट लागवडीचे सरळ वाण?

ज्या शेतकऱ्याची जमीन फूट-दीड फूट खोलीची आणि खाली मुरूम असलेली आहे, ज्याच्या विहिरीचे पाणी दिवाळीपर्यंतही पुरत नाही आणि तरीही ज्याला खरिपात कपाशीच घ्यायची आहे, त्याच्यासमोर दोन मार्ग आहेत. नेहमीप्रमाणे बीजी-२ (अळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होणाऱ्या बीटी कपाशीचा दुसरा प्रकार) या संकरित बियाण्याची पाकिटे आणून रुंद अंतरावर लागवड करणे हा एक, तर कमी कालावधीचे सरळ (म्हणजे संकरित नसलेले) वाण आणून त्याची दाट पेरणी करणे हा दुसरा. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा कोरडवाहू शेतकऱ्यासाठीच ही तुलना केली आहे. भारी काळी जमीन आणि ठिबक असलेल्याचे गणित वेगळे आहे.

बीटीने काय दिले, हे आधी प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. १९९०च्या दशकात अमेरिकन बोंडअळीने कपाशी उत्पादकाला कर्जात लोटले होते, कारण फवारण्यांमागून फवारण्या करूनही अळी मरत नव्हती. मार्च २००२ मध्ये देशात एका प्रथिनाच्या बीटी कपाशीला (बीजी-१) परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन प्रथिनांचे बीजी-२ आले, आणि या अळीसाठीची फवारणी जवळजवळ थांबली. देशाची सरासरी उत्पादकता २००२-०३ मध्ये हेक्टरी सुमारे ३०२ किलो रुई होती, ती २००७-०८ मध्ये ५५४ किलोंपर्यंत पोहोचली. गुजरातमध्ये वाढलेले सिंचन, नवी कीटकनाशके आणि वाढलेला खतांचा वापर यांचाही त्यात वाटा होता, पण बीटीचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकन बोंडअळीपासूनचे ते संरक्षण आजही बऱ्याच अंशी टिकून आहे.

शेंदरी बोंडअळीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. बीजी-१ला ही अळी दाद देत नाही, हे गुजरातमधून २०१० पर्यंत स्पष्ट झाले होते. पुढे बीजी-२चीही तीच गत झाली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या बोंडांतून कवडी (अळीने खराब केलेला, नीट न फुटलेला) कापूस निघाला. याचे एक कारण संकरित बियाण्यातच दडलेले आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या काही सरक्यांत दोन्ही प्रथिने असतात, काहींत एकच, तर काहींत एकही नसते, आणि शेंदरी अळी नेमकी सरकीच खाते. त्यामुळे एकाच बोंडात तिला विषाची सवय लावून घेण्याची सोय होते. जगातले बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाणच लावतात, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरे कारण आपल्या हातून घडले. पाकिटासोबत तेव्हा मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे शेताच्या कडेने लावायचे होते, ते बहुतेकांनी लावले नाही. शिवाय थोडे पाणी देऊन फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक) फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, आणि अळीला वर्षभर खायला मिळाले.

म्हणून पाकिटावर बीजी-२ लिहिले आहे एवढ्यावर विसंबून शेंदरी अळीची काळजी सोडता येत नाही. ऑगस्टपासून डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली फुले) शोधणे, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावणे आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करणे, हे सारे बीटीच्या शेतातही करावेच लागते. त्यात संकरित वाण तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांना लवकर बळी पडत असल्याने अळीवरच्या ज्या फवारण्या वाचल्या, त्यांची जागा रसशोषक किडींवरच्या फवारण्यांनी घेतली. २०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. खर्चाच्या हिशेबात फवारणीची मजुरी आपण लिहितो. उंच, दाटलेल्या कपाशीत शिरून डोक्याच्या वर नोझल धरणाऱ्या माणसाच्या जिवाची जोखीम कुठेच लिहीत नाही. ती लिहिली पाहिजे.

आता दुसरा मार्ग. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी सुमारे ७,५०० झाडे बसतात, तर ६० बाय १० वर सुमारे ६७,०००. संकरित झाडाने प्रत्येकी चार ग्रॅमची ४० बोंडे दिली तर कागदावर एकरी १२ क्विंटल कापूस होतो. सरळ वाणाच्या झाडाने तीन ग्रॅमची पाचच बोंडे दिली तरी दहा क्विंटल होतो. शेतात दोन्ही आकडे खाली येतात, पण फरक वेळेचा आहे. ४० बोंडे पोसायला झाडाला नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ओल लागते आणि हलक्या जमिनीत ती ऑक्टोबरमध्येच संपते. मग पातेगळ होते (कळ्या गळतात), पाने लाल पडतात आणि अर्धी बोंडे पोचट राहतात. पाच बोंडे पहिल्याच बहरात लागतात, पावसाच्या ओलीवर पोसली जातात आणि शेंदरी अळीचा जोर वाढण्याआधी बहुतांश वेचून होतात. हलक्या जमिनीसाठी मला हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतो.

सरळ वाणांतही दोन प्रकार आहेत. सूरज किंवा नांदेडच्या एनएच-६१५ सारखे अमेरिकन वाण मध्यम ते लांब धाग्याचे आहेत आणि त्यांचा कापूस नेहमीच्या बाजारात खपतो. अकोल्याचे एकेए-७ आणि परभणीचे पीए-२५५ हे देशी वाण. देशी कपाशी पावसाचा खंड आणि तुडतुडे अधिक सोसते, पण तिच्यावर दहिया हा पानांवरचा पांढरट बुरशीजन्य रोग लवकर येतो, बोंड लहान असते आणि फुटलेला कापूस झाडावर फार टिकत नाही, म्हणून वेचणी वेळेवरच व्हावी लागते. आखूड धाग्याच्या देशी कापसाला सर्जिकल कापसासाठी मागणी असली तरी प्रत्येक जिनिंगवर त्याचा भाव लागत नाही. घेणारा आधी ठरला नसेल तर हे वाण निवडू नये.

या मार्गाची सगळ्यात मोठी अडचण बियाणे मिळणे ही आहे. बीजी-२चे पाकीट तालुक्याच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. २०२४ मध्ये ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती. सरळ वाणाचे बियाणे एकरी पाच-सहा किलो लागते आणि त्यासाठी कृषी विद्यापीठाकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे वेळेत चौकशी करावी लागते. मात्र एकदा शुद्ध बियाणे आणले की पुढच्या वर्षी घरची सरकी पेरता येते, जे संकरित वाणात शक्य नाही. दुसरी अडचण बिगर-बीटी अमेरिकन वाणांची: अमेरिकन बोंडअळी आली तर निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा (किडीची अंडी नष्ट करणारा मित्रकीटक) आणि वेळप्रसंगी कीटकनाशक यांची तयारी हवी. ती टाळायची असेल तर सरकारी संशोधन संस्थांनी प्रसारित केलेल्या बीटी सरळ वाणांची चौकशी आधी करावी. तिसरी अडचण निंदणीची आहे. दाट पेरणीत पहिले ४० दिवस तण सांभाळले नाही तर पीक हाताबाहेर जाते, आणि ओळी मिळाल्यावर डवरा चालत नाही.

निंदणीच्या याच त्रासापोटी काही जण चोर बीटीकडे वळतात. तणनाशकाला दाद न देणाऱ्या या बियाण्याला परवानगी नाही, त्याचे बिल मिळत नाही आणि ते उगवले नाही तर दाद कुणाकडेच मागता येत नाही, म्हणून मी ते या तुलनेत धरलेले नाही.

जमीन मध्यम खोलीची आणि एक-दोन संरक्षित पाणी देण्याची सोय असेल, तर १५०-१६० दिवसांत आटोपणारे बीजी-२ वाण, मध्ये तुरीच्या ओळी आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडे) उपटून शेत मोकळे करणे हाच मार्ग मला बरा वाटतो. मुरमाड जमिनीवर मात्र पहिल्या वर्षी एक-दोन एकरांत दाट लागवडीचे सरळ वाण घ्यावे आणि उरलेल्या रानात नेहमीची कपाशी ठेवून बियाणे, फवारणी, निंदणी, वेचणी आणि आलेला कापूस यांचा हिशेब दोन्ही तुकड्यांसाठी वेगळा लिहावा. घरात फवारणी करणारा एकटाच माणूस असेल, तर त्या वहीत रुपयांशेजारी फवारण्यांची संख्याही लिहावी.